पहिली बैठक घेण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "बैठकीत मी काय बोलू?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. बायकांच्या बचत संघाची बैठक पहिल्यांदाच तू एकटी घेणार आहेस. बोलायची तयारी तुझी चांगली आहे. तू गप्प कधी राहशील, याचा मात्र आधी विचार करून ठेव.

सुरुवात वेळेपासून. खानापूरच्या तुमच्या पश्चिम भागात आता भाताची लावणी चालू आहे. दिवसा बोलावलंस तर बायका येणार कुठून? धारा काढून झाल्यावर, रात्रीच्या स्वयंपाकाला लागण्याआधी तासभर मिळतो, त्यातच उरकायचं. निपाणीकडे काम करताना विड्या वळणाऱ्या बायका बैठकीला सूप घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सुपं बाजूला ठेवायला लावली आणि कुणीच मनापासून बोललं नाही. हजार विड्यांवर मजुरी, हात थांबले की पैसे थांबले. त्यांचं लक्ष तिकडेच होतं. पुढच्या वेळी सुपं मांडीवर राहू दिली. हात चालू राहिले तशी तोंडंही उघडली.

जागा तू देवळाचा सभामंडप म्हणालीस. तिथं यायला कुणाला संकोच वाटत नाही ना, हे आधी घरोघरी जाऊन बघ. तोंडानं कुणी "नको" म्हणणार नाही, पण काही घरच्या बायका कायम पायरीवरच बसत असतील तर जागा बदल. शाळेचा व्हरांडा बरा. सगळ्यांना गोल बसव, तूही खाली सतरंजीवरच बस.

संघात दहा ते वीस बायका असाव्यात असं का म्हणतात, हे तुला प्रशिक्षणात सांगितलं असेल. वीसच्या वर गेलं की पूर्वी नोंदणीच्या कायद्याचा प्रश्न यायचा. शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक नाबार्ड, तिनं १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून हे गणित सगळीकडे रुळलं. माझ्या अनुभवात त्याचा आणखी एक उपयोग आहे. वीस जणींपैकी आज कोण बोललं नाही हे एका माणसाच्या ध्यानात राहू शकतं. तीस झाल्या की मागच्या रांगा नजरेतून सुटतात.

आता आपल्या सीमाभागातली खरी अवघड गोष्ट, भाषा. तुझ्या संघात चार-पाच जणी घरी कन्नड बोलणाऱ्या आहेत. त्यांना मराठी समजतं, बाजारात त्या बोलतातही. पण कर्जाची, घरच्या अडचणीची गोष्ट माणूस आपल्याच बोलीत सांगतो. म्हणून सुरुवातीलाच सांग, ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोला. कुणी अडखळली तर "हेळ्री अक्का", म्हणजे "सांगा ताई", म्हण आणि तिचं पुरं होऊ दे. मग दोन्ही भाषा येणाऱ्या एखादीला ते बाकीच्यांना सांगायला लाव. हे काम दर वेळी तूच करू नकोस, आणि दर वेळी एकीलाच देऊ नकोस. सांगणारी बाई नकळत आपलं मत त्यात घालते. मीही घातलेलं आहे.

यातच माझी मोठी चूक झाली. बँकेला ठराव कन्नडमध्ये हवा होता. गैरहजेरीच्या दंडाचा ठराव मी तसा लिहिला, उशीर झाला म्हणून वाचून न दाखवता वही फिरवली. सह्या झाल्या, अंगठे उठले. तीन महिन्यांनी एका बाईला दंड लागला. सासू आजारी होती म्हणून ती आली नव्हती. "मी कधी हो म्हटलं?" असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं, आणि तिचं खरं होतं. ठराव आम्ही मागे घेतला, पण ती परत संघात आली नाही. तेव्हापासून वही दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचल्याशिवाय मी कुणाची सही घेतली नाही. "कळलं का?" असंही विचारत नाही, त्याला सगळ्या होयच म्हणतात. "घरी गेल्यावर आज काय ठरलं म्हणून सांगाल?" असं दोघी-तिघींना विचारते. उत्तरं निराळी आली की ठराव पुन्हा वाचायचा.

प्रश्न विचारलास की थांब. मनात दहा आकडे मोज. ती शांतता तुला फार लांब वाटेल, घाबरून स्वतःच उत्तर देऊ नकोस. तरीही कुणी बोललं नाही तर शेजारच्या दोघींना आपापसात बोलू दे, मग विचार. सगळ्यांपुढे जे धाडस होत नाही ते शेजारणीजवळ होतं.

एखादी सारखी बोलत असेल तर तिला सगळ्यांपुढे गप्प करू नकोस. बहुतेक वेळा बँकेच्या फेऱ्या तिनंच मारलेल्या असतात. "तुमचं कळलं, आता दाराजवळच्यांचं ऐकू," एवढं पुरतं.

पैशाच्या प्रश्नावर हात वर करायला लावू नकोस. सून सासूकडे बघून हात वर करते, मजुरीला जाणारी मालकिणीकडे बघून. चिंचोके ने. दोन गाडगी आडोशाला ठेव, प्रत्येकीनं एकेक चिंचोका टाकायचा. एका गावात पिठाच्या गिरणीसाठी कर्ज काढायला सगळ्यांनी तोंडानं होकार दिला होता. गाडगी ओतली तर चौदांपैकी नऊ चिंचोके नकाराचे. तेव्हा कुठे गिरणी चालवणार कोण, दुरुस्ती कोण करणार, वीजबिल कुणी भरायचं, यावर बोलणं सुरू झालं. ती बैठक अंधार पडेपर्यंत चालली आणि कुणी उठलं नाही.

मोजताना तू मोजू नकोस, पायरीशी बसणाऱ्या एखादीकडून मोजून घे.

मी त्या दिवशी येणार नाही. मी आले की बायका माझ्याकडे बघून बोलतील. बैठक झाल्यावर रात्रीच एका कागदावर गोल काढ, कोण कुठं बसली होती ते लिही आणि जी बोलली नाही तिच्या नावापुढे फुली मार. तो कागद घेऊन बाजाराच्या दिवशी घरी ये, जेवायलाच ये.

तुझी,
मावशी