वाचकांचे प्रश्न : भित्तिचित्रावरील नोंद तपासताना

प्रश्न : आम्ही काही मंडळी एका मुक्त ज्ञानकोशासाठी मराठीत नोंदी लिहितो आणि परस्परांच्या नोंदी तपासून देतो. सध्या माझ्याकडे जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातील ‘फ्युर्स्टेनत्सुग’ या राजांच्या मिरवणुकीच्या प्रचंड भित्तिचित्रावरील नोंद आली आहे. हे चित्र पोर्सेलीनच्या फरशांवर आहे. मी जर्मन भाषा येथेच, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले असल्याने मूळ साहित्य वाचू शकते. परंतु ते चित्र मी पाहिलेले नाही. नोंदीची भाषा ओघवती आहे, तरीही ‘मान्य’ असा शेरा देण्यास मन धजत नाही. अशा नोंदीत नेमके काय तपासावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : चित्र प्रत्यक्ष पाहिलेले नसणे ही आपण समजता तेवढी मोठी अडचण नाही. मोठ्या भित्तिचित्रावरील नोंदीत आकडे पुष्कळ असतात आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही, हे पुण्यात बसूनही पाहता येते. म्हणून भाषेचा विचार तूर्त बाजूला ठेवून प्रथम आकडेमोड करावी, असे मी सुचवेन.

या चित्राची लांबी सुमारे १०२ मीटर, फरशांची संख्या सुमारे २३,००० आणि प्रत्येक फरशी २०.५ सेंटिमीटर बाजूची चौरस, असे सामान्यतः दिले जाते. उंची मात्र कोठे साडेनऊ, तर कोठे साडेदहा मीटर अशी आढळते. आता गुणाकार करून पाहा. एका फरशीचे क्षेत्रफळ साधारण ०.०४२ चौरस मीटर होते, म्हणजे २३,००० फरशांनी सुमारे ९६६ चौरस मीटर भिंत झाकली जाईल. उंची साडेनऊ मीटर धरली तर क्षेत्रफळ ९६९ चौरस मीटर येते आणि हिशेब चोख बसतो. साडेदहा मीटर धरली तर ते १,०७१ चौरस मीटरवर जाते. म्हणजे शंभरएक चौरस मीटर, पुण्यातील एखाद्या ऐसपैस सदनिकेएवढी भिंत, फरशांवाचून राहते. याचा अर्थ साडेदहाचा आकडा चुकीचाच आहे असे नव्हे. त्या उंचीत भोवतालची चौकट धरलेली असू शकते किंवा भिंतीतील मोकळ्या जागा वजा करावयाच्या राहिलेल्या असू शकतात. परीक्षकाने येथे स्वतःच्या पसंतीचा आकडा नोंदीत घालू नये. उंची आणि फरशांची संख्या एकाच स्रोतातून घेतली आहे काय, आणि उंची नेमकी कोठून कोठपर्यंतची आहे, एवढे लेखकाला विचारावे. दोन पुस्तकांतून दोन आकडे उचलून एका वाक्यात शेजारी शेजारी बसवले, की असा घोटाळा होतो, आणि वाक्य जितके सफाईदार तितका तो उशिरा लक्षात येतो.

त्यानंतर कालक्रम पाहावा, कारण या विषयावरील नोंदी बहुधा येथेच घसरतात. आज दिसणारे फरशांचे चित्र आणि मूळ चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विल्हेल्म वाल्टर या चित्रकाराने १८७० च्या दशकात, १८७६ पर्यंत, राजवाड्याच्या तबेल्याच्या आवाराच्या बाहेरील भिंतीवर ‘स्ग्राफितो’ पद्धतीने ही मिरवणूक साकारली. या पद्धतीत वेगवेगळ्या रंगांच्या गिलाव्याचे थर एकावर एक देतात आणि वरचा थर ओला असतानाच खरवडून खालच्या रंगातून आकृती काढतात. उघड्या भिंतीवरील हा गिलावा काही दशकांतच खराब होऊ लागला. तेव्हा १९०४ ते १९०७ या काळात तेच चित्र मायसेन या जर्मन शहरातील कारखान्याच्या पोर्सेलीन फरशांवर उतरवून भिंतीवर बसवण्यात आले. ‘१८७६ मध्ये तयार झालेले पोर्सेलीनचे भित्तिचित्र’ असे वाक्य आपल्याला आढळले, तर तेथे तीस वर्षांचा इतिहास गाळला गेला आहे, हे निश्चित समजावे. नोंदीच्या बाजूला जी माहितीची चौकट असते तिच्यात ‘निर्मिती’ या शब्दापुढे एकच वर्ष लिहिण्याचा मोह होतो. तेथे दोन्ही टप्पे लिहिण्याचा आग्रह धरावा.

कालक्रमातील दुसरी जागा अधिक सूक्ष्म आहे. हे चित्र सॅक्सनी या जर्मन प्रदेशावर राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याच्या आठशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने काढले गेले आणि ते वर्धापन १८८९ मध्ये होते, असे नोंदीत असेल. मिरवणूक ११२७ मधील कोनराड या राज्यकर्त्यापासून सुरू होते, हेही असेल. चौकस वाचक लगेच बेरीज करील : ११२७ मध्ये आठशे मिळवले तर १९२७ येते, मग १८८९ कसे? खुलासा असा, की घराण्याची गणना १०८९ पासून होते. त्या वर्षी आयलेनबुर्गच्या हाइनरिशला मायसेनचा सरहद्द-प्रांत मिळाला. चित्रात मात्र त्याला स्थान नाही आणि आरंभ कोनराडपासून केला आहे. हा खुलासा नसेल तर दोन्ही वर्षे बरोबर असूनही नोंद वाचकाला कोड्यात टाकते. शेवटच्या टोकालाही असेच आहे. फरशांचे काम १९०७ मध्ये संपले, तरी १९०४ ते १९१८ या काळात राज्य केलेला सॅक्सनीचा शेवटचा राजा, तिसरा फ्रीडरिश ऑगस्ट, राज्यकर्त्यांच्या मालिकेत नाही. वाल्टरची मूळ रचना १८७६ मध्ये पूर्ण झाली तेव्हा तो लहान मुलगा होता, आणि फरशांवर त्या रचनेचेच अनुकरण झाले.

चित्रातील माणसांची संख्या ९४ सांगितली जाते : ३५ राज्यकर्ते आणि ५९ इतर, म्हणजे विद्वान, कलावंत, कारागीर, शेतकरी व मुले. नोंदीत राज्यकर्त्यांची यादी दिली असल्यास ती प्रत्यक्ष मोजावी. प्रस्तावनेत ३५ आणि यादीत ३४, असे प्रकार घडतात.

‘जगातील सर्वांत मोठे’ या शब्दांजवळ तर थांबलेच पाहिजे. हे पोर्सेलीनचे जगातील सर्वांत मोठे भित्तिचित्र मानले जाते, असे स्रोतासह लिहिणे योग्य आहे. मात्र ‘सिरॅमिकचे (म्हणजे कोणत्याही भाजलेल्या मातीचे) सर्वांत मोठे भित्तिचित्र’ असे लिहिताच विधान खोटे ठरते, कारण व्हिएतनाममधील हनोई शहराच्या सहस्रवर्षपूर्तीनिमित्त २०१० मध्ये पूर्ण झालेले सिरॅमिकच्या तुकड्यांचे भित्तिचित्र सुमारे चार किलोमीटर लांब आहे. ते लहान लहान तुकडे जुळवून केलेले आहे, तर ड्रेस्डेनचे चित्र अखंड चौरस फरशांवर रंगवून भाजलेले आहे. म्हणून ड्रेस्डेनच्या चित्राला ‘मोझाइक’ म्हणणेही चूक होय.

१९४५ च्या फेब्रुवारीतील बॉम्बवर्षावात जुने ड्रेस्डेन बेचिराख झाले आणि हे चित्र मात्र फारशी हानी न होता उरले. येथे लेखकाची लेखणी भावुक होते, ते समजण्यासारखे आहे. तरीही ‘चमत्कारिकरीत्या बचावले’ एवढ्यावर नोंदीने थांबू नये. मायसेनचे पोर्सेलीन १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले जाते, त्यामुळे ते आगीला दाद देत नाही, असे कारण सहसा दिले जाते आणि ते स्रोतासह यावे. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस चित्राची स्वच्छता व दुरुस्ती झाली आणि दोनेकशे फरशा नव्याने बसवाव्या लागल्या. ‘मूळ फरशा जशाच्या तशा’ असे विधान असल्यास ते सुधारून घ्यावे.

राहिला संदर्भांचा प्रश्न. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि त्या नावाच्या अधिकारावर वाचक काही अंशी विसंबतो. मुक्त ज्ञानकोशातील नोंद निनावी असल्याने तेथे सगळा भार संदर्भांवर पडतो. आपल्या नोंदीत पाच संदर्भ असतील आणि ते पाचही पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांचे असतील, तर ते बहुधा एकच संदर्भ आहेत. कारण अशी पत्रके एकमेकांवरून आणि कित्येकदा ज्ञानकोशावरूनच लिहिली जातात. आपल्याला जर्मन येते, हे येथे मोठे भांडवल आहे. मॅक्स म्युलर भवनच्या ग्रंथालयातून किंवा त्यांच्या मार्गदर्शनाने कलेतिहासावरील एखादे जर्मन पुस्तक मिळवावे आणि निदान उंची, फरशा व दुरुस्ती ही तीन विधाने त्याच्याशी ताडून पाहावीत. तोवर ‘मान्य’ असा शेरा देऊ नये. ‘सुधारणेनंतर मान्य’ असे लिहून प्रत्येक शंका वाक्याच्या क्रमांकासह लेखकाला कळवावी. ‘संदर्भ अपुरे आहेत’ असा मोघम शेरा कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

प्रश्न : याच चित्रात सॅक्सनीचा राज्यकर्ता बलाढ्य ऑगस्ट याचा घोडा गुलाबाचे फूल तुडवतो आहे आणि ते फूल धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे प्रतीक आहे, असे मी वाचले. हे नोंदीत तथ्य म्हणून घालावे काय? — एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : या वाक्यात तीन विधाने एकत्र आली आहेत, ती वेगळी करावीत. घोड्याच्या टापेखाली गुलाब आहे, हे निरीक्षण आहे. ते चित्राच्या स्पष्ट छायाचित्रावरून कोणालाही पडताळता येते आणि नोंदीत निःशंकपणे यावे. ल्यूथरच्या मुद्रेत गुलाब होता आणि पोलंडच्या गादीसाठी ऑगस्टने १६९७ मध्ये प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला, हा इतिहास आहे. त्याला इतिहासग्रंथाचा आधार हवा. चित्रकाराने या दोहोंचा संबंध जोडूनच फूल तेथे काढले, हा मात्र अर्थ लावणे झाले. तो अर्थ मला पटण्याजोगा वाटतो. ल्यूथरच्या धर्मसुधारणेची पाळेमुळे ज्या सॅक्सनीत रुजली, तेथील राज्यकर्त्याचे पंथांतर प्रजेला किती लागले असेल, हे त्या एका फुलात सामावते आणि चित्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. म्हणूनच तो गाळू नये. परंतु ‘असा अर्थ लावला जातो’ असे म्हणून तो कोणी लावला हेही लिहावे. आपण एवढ्या बारकाईने चित्र पाहता याचा मला फार आनंद वाटतो.

प्रश्न : फरशांवरील भित्तिचित्राचा कर्ता म्हणून चित्रकाराचे नाव लिहावे, की भट्टीवर काम करणाऱ्यांचे? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : दोघांचेही लिहावे आणि कोणी काय केले तेही सांगावे. पॅरिस येथील युनेस्कोच्या मुख्यालयातील सूर्याची आणि चंद्राची भिंत १९५८ मध्ये पूर्ण झाली. तेथे जोआन मिरो या चित्रकाराबरोबर जोसेप योरेन्स आर्तिगास या कुंभकलावंताचे नाव घेतले नाही, तर नोंद अपुरी राहते. कारण रंग भट्टीतून कसा बाहेर येईल हे ज्ञान आर्तिगासचे होते. ड्रेस्डेनच्या बाबतीत रचना वाल्टरची आणि फरशा मायसेनच्या कारखान्याच्या, असे म्हणावे.

प्रश्न : माझ्या नातेवाईकांनी ड्रेस्डेनमध्ये या भिंतीची छायाचित्रे काढली आहेत. ती नोंदीत वापरता येतील का? — एक वाचक, औंध

उत्तर : चित्रकाराच्या हक्काची अडचण नाही. वाल्टरचे निधन १९१३ मध्ये झाले आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर जर्मनीत ७० व भारतात ६० वर्षे चालणारी स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. छायाचित्राचा हक्क मात्र ते काढणाऱ्याचा असतो, म्हणून आपल्या नातेवाईकांची लेखी संमती घ्यावी. शंभर मीटरची भिंत एका चौकटीत बसवलेल्या छायाचित्रात कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही, म्हणून संपूर्ण भिंतीचे एक आणि जवळून टिपलेली दोन-तीन छायाचित्रे द्यावीत. प्रत्येकाखाली त्यात कोणता राज्यकर्ता आहे आणि ते कोणत्या वर्षी काढले, हे लिहावे.