सिंह दिसला की लगेच राजा लिहू नको

भावा, प्राणीकथांतली सत्ता शोधायलास ना, मग सिंह म्हणजे राजा न कोल्हा म्हणजे लबाड मंत्री एवढ्यावर थांबू नको. पंचतंत्रातला सिंह राजा पिंगलक बघ, यमुनेवर पाणी प्यायला जातो, तिकडं बैल डुरकतो न हा तहानलेलाच मागं फिरून वडाखाली बसतो, वरून भ्यालोच नाही असं दाखवतो. आपल्या परभणीकडं बैलाचं डुरकणं ऐकलेल्याला हे लगेच कळतंय! अन् दमनक, पद गेलेला मंत्रिपुत्र कोल्हा, त्याला राजाची नेमकी ती भीतीच सापडते. हीच गोष्ट ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकानं इराणच्या जुन्या पहलवी भाषेतून अरबीत नेली, तिथं दिम्नावर, म्हणजे आपल्या दमनकावरच, खटला चालतो, आपल्या पंचतंत्रात तो नाहीच. दोन्ही शेजारी ठेवून वाच, मला हा फरक लई मोलाचा वाटतो.