‘राझी’तले नट आधी कुठे होते, पुढे कुठे गेले, आणि त्यातली हेरगिरी कितपत खरी?

‘राझी’ म्हणजे १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी सैन्याधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून गेलेल्या सहमत (आलिया भट) या काश्मिरी हेराची गोष्ट; खालिद मीर हा तिला शिकवणारा भारतीय अधिकारी. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ‘राझी’ (२०१८) आवडला, तर त्यातल्या नटांचं आणखी काय पाहावं. खालिद मीर झालेला नट आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेतलाच का. आणि सिनेमातली हेरगिरी दिसते तेवढी खरी आहे का. पुढे शेवट उघड होतो, तेव्हा ज्यांचा पाहायचा राहिलाय त्यांनी आधी सिनेमा उरकून घ्यावा. सव्वादोन तासांच्या आसपासचं काम आहे.

आधी पुण्याचं. हो, जयदीप अहलावत एफटीआयआयचाच. मूळचा हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यातला. सैन्यात अधिकारी व्हायचं होतं, एसएसबीत (सैन्याच्या अधिकारी निवड मंडळात) निवड झाली नाही, मग नाटक आणि तिथून पुणे. संस्थेतला अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला होता, तो या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा सुरू झाला. त्या नव्या पर्वातल्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीतून जयदीप २००८ साली बाहेर पडला. सोबत राजकुमार राव, विजय वर्मा आणि सनी हिंदुजा होते. एका वर्गातून एवढे नट निघाले की लोकांना वाटतं, संस्थेचा शिक्का बसला की काम मिळतं. तारखा पाहिल्या तर उलटंच दिसतं. २०१० मध्ये ‘खट्टा मीठा’ आणि ‘आक्रोश’मध्ये तो होता, पण कोणाच्या लक्षात राहिला नाही. २०१२ च्या ‘गँग्स ऑफ वासेपूर’मध्ये त्याने शाहिद खान केला, सरदार खानचा बाप. भूमिका दणकट होती, पण पहिल्याच भागात लवकर संपणारी. ‘कमांडो’मध्ये (२०१३) खलनायक, ‘विश्वरूपम’मध्ये दहशतवादी, ‘रईस’मध्ये छोटं काम. उंची, खडबडीत चेहरा आणि जड आवाज पाहून प्रत्येक दिग्दर्शकाने त्याला मारामारीलाच उभा केला. ‘राझी’ आला तो संस्था सोडून दहा वर्षं झाल्यावर.

‘राझी’ची दिग्दर्शिका मेघना गुलजार हिने त्याच आवाजाचा उलटा वापर केला. खालिद मीर सहमतला ट्रेनिंग देतो तेव्हा ओरडत नाही, धमकावत नाही. सरकारी कचेरीतला साहेब रजेचा अर्ज परत करावा तशा सपाट सुरात तो माणूस मारायचं शिकवतो. शेवटी बाजारात ग्रेनेड फेकायचा हुकूम देतानाही चेहऱ्यावर फार काही हलत नाही, आणि नंतर सहमत त्याच्यावर तुटून पडते तेव्हा तो बचावही करत नाही. हिंदी हेरपटात वरिष्ठ अधिकारी म्हणजे देशभक्तीवर भाषण देणारा काका, ही सवय इथे मोडली. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात अचूक काम त्याचं आहे, आलियाचं नव्हे. या मतावर भांडायला बरेच जण येतील.

गंमत म्हणजे ‘वासेपूर’च्या सेटवर विकी कौशल साहाय्यक दिग्दर्शक होता. एक जण कॅमेऱ्यापुढे, दुसरा मागे. मुंबईतून इंजिनियरिंगची पदवी घेतलेला हा मुलगा २०१५ च्या ‘मसान’ने दिसला आणि २०१६ मध्ये ‘रमन राघव २.०’मध्ये अंगावर येणारा पोलीस झाला. तरी ‘राझी’ येईपर्यंत तो ‘फेस्टिव्हलवाला नट’च समजला जायचा. मग आठ महिन्यांत चित्र फिरलं: ११ मे २०१८ ला ‘राझी’, जूनमध्ये ‘संजू’, सप्टेंबरमध्ये ‘मनमर्जियां’, ११ जानेवारी २०१९ ला ‘उरी’. ‘उरी’साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आयुष्मान खुरानासोबत विभागून.

सहमतचा नवरा इक्बाल सय्यद ही विकीची भूमिका कागदावर कमकुवत आहे. पाकिस्तानी सैन्यातला अधिकारी, नायिकेला फसवणारा नाही, स्वतःच फसणारा. स्टार असता तर त्याने दोन-चार संवाद वाढवून घेतले असते. विकीने ती भूमिका लहानच ठेवली. नव्या बायकोला वेळ हवाय हे ओळखून तो बाजूला झोपतो, ते कुठेही उपकार केल्यासारखं दिसत नाही. म्हणूनच शेवटी त्याचा डोळ्यांतला विश्वास मोडतो तेव्हा प्रेक्षक कोणाच्या बाजूने आहे हे प्रेक्षकालाच कळत नाही. आता ही जोडी लावून पाहा: ‘राझी’त तो १९७१ चा पाकिस्तानी अधिकारी, आणि याच दिग्दर्शिकेच्या ‘सॅम बहादूर’मध्ये (२०२३) त्याच १९७१ मधले भारताचे लष्करप्रमुख माणेकशॉ. एकाच युद्धाच्या दोन बाजू, एक नट, एक दिग्दर्शिका. दोन्ही लागोपाठ पाहिले तर देहबोलीतला फरक स्पष्ट दिसतो: इक्बालचे खांदे सैल, सॅमचे कमानीसारखे ताणलेले, किंचित पुढे झुकलेले. ‘सॅम बहादूर’ सिनेमा म्हणून मात्र पातळ आहे, एका प्रसंगावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. ‘छावा’ (२०२५) तुम्ही पाहिलाच असेल, पुण्यात त्याबद्दल वेगळं सांगायला नको. तिथला विकी सगळा बाहेर फेकलेला आहे. त्याची आत दाबून ठेवण्याची ताकद पाहायची तर ‘सरदार उधम’ (२०२१) घ्या. त्यातला जालियनवाला बागेचा लांब प्रसंग सहन होत नाही, पण नटाची कसोटी तिथेच आहे.

आलिया भटबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर भरपूर लिहून झालंय. २०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’, नंतर ‘हायवे’ (२०१४) आणि ‘उडता पंजाब’ (२०१६) या दोन सिनेमांनी तिला नटी म्हणून उभं केलं. ‘राझी’साठी फिल्मफेअर मिळालं; ‘गंगूबाई काठियावाडी’साठी (२०२२) राष्ट्रीय पुरस्कार, क्रिती सेननसोबत विभागून. सहमतच्या भूमिकेत तिच्या लहान चणीचा फायदा झाला: घरातल्या कोणाला तिची भीती वाटूच शकत नाही. एक सूचना. दुसऱ्यांदा पाहताना तिचे डोळे न पाहता हात पाहा. घाबरल्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, म्हणून ते हातांत उतरलंय. नंतर तिने ‘हार्ट ऑफ स्टोन’ (२०२३) हा इंग्रजी हेरपट केला. हेरपट म्हणून शोधत असाल तर तो सोडलात तरी चालेल, तिथे पळापळीपलीकडे तिला काही करायलाच नाही.

आता सय्यदांचं घर. ‘राझी’ टिकला तो या घरामुळे, आणि इथेच निवड सगळ्यात हुशारीने झाली आहे. सासरा ब्रिगेडियर सय्यद म्हणजे शिशिर शर्मा, थोरला मुलगा मेहबूब म्हणजे अश्वथ भट्ट, त्याची बायको मुनिरा म्हणजे आपली अमृता खानविलकर, आणि सगळ्यांच्या आधी संशय घेणारा जुना नोकर अब्दुल म्हणजे आरिफ झकारिया. पलीकडे काश्मीरमध्ये सहमतचा बाप रजित कपूर आणि आई सोनी राझदान, जी आलियाची खरीच आई. हे बहुतेक जण रंगभूमी किंवा जुन्या दूरदर्शनच्या शिस्तीतले. अशा नटांना दृश्यात काही न करता उभं राहता येतं. हेरपटात तेच लागतं, कारण घर जेवढं साधं, तेवढा धोका मोठा.

अमृताला पुणेकर ‘नटरंग’मधल्या (२०१०) ‘वाजले की बारा’मुळे ओळखतात, पण मुनिराशी नातं लावायचं तर ‘कट्यार काळजात घुसली’मधली (२०१५) झरीना आठवा, तिथेही घरातल्या मोठ्यांच्या हट्टाखाली राहणारी मुलगी होती. ‘राझी’त तिला मोजकेच प्रसंग आहेत. नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा प्रसंग मात्र सहमतच्या कृत्याचा हिशोब प्रेक्षकापुढे मांडतो. तो प्रसंग फसला असता तर नायिका सहज ‘शूर’ ठरून सुटली असती. नंतर ‘चंद्रमुखी’मध्ये (२०२२) तिला मोठा पट मिळाला.

रजित कपूरचा धागा पकडलात तर हिंदीतल्या हेर-गुप्तहेरांचा छोटा इतिहासच हाती लागतो. १९९३ पासून दूरदर्शनवर तो व्योमकेश बक्षी होता, ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’साठी (१९९६) राष्ट्रीय पुरस्कार, ‘राझी’त हेर बाप, ‘उरी’त पंतप्रधान, आणि ‘मिशन मजनू’त (२०२३) चक्क झुल्फिकार अली भुट्टो. त्याच सिनेमात जनरल झिया झालाय तो आपला मेहबूब, अश्वथ भट्ट. ‘मिशन मजनू’ची कल्पना ‘राझी’चीच, फक्त नवरा-बायको उलटे: भारतीय हेर पाकिस्तानात लग्न करून राहतो. तरी तो फसला. कारण साधं आहे: तिथला हेर कधी चुकत नाही, आणि त्याच्या हातून कोणा निरपराध माणसाचं वाटोळं होत नाही.

आता खरं-खोटं. मूळ आधार हरिंदर सिक्का यांची ‘कॉलिंग सहमत’ ही कादंबरी. लेखक नौदलातले निवृत्त अधिकारी. कथा एका खऱ्या स्त्रीवर बेतली आहे असं ते सांगतात, पण नाव बदललेलं आहे, तेव्हा वाचताना कादंबरी म्हणूनच वाचावी. पार्श्वभूमीतला इतिहास मात्र खरा. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी (मूळची अमेरिकन ‘डियाब्लो’) ‘विक्रांत’ या भारतीय विमानवाहू नौकेच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली आणि ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारतीय नौदल श्रेय ‘राजपूत’ या विनाशिकेला देतं, पाकिस्तान अपघाती स्फोट म्हणतं. सिनेमा पाहून वाटतं की एका मुलीच्या संदेशाने सगळं घडलं. प्रत्यक्षात पूर्व नौदल कमांडने आखलेली फसवणूक मोठी होती. ‘विक्रांत’ दूर अंदमानकडे हलवली होती, आणि ‘राजपूत’वरून भरपूर बिनतारी संदेश सोडून, बाजारात रसदीच्या मोठ्या ऑर्डरी देऊन ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा देखावा उभा केला होता. अशा कामात एका हेराची माहिती हा फार तर एक तुकडा असतो.

सहमत न्हाणीघरातून मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेषांच्या बिनतारी लिपीत, संदेश पाठवते. ते तंत्र सिनेमाने बऱ्यापैकी सांभाळलंय, पण एक गोष्ट झाकली. सात मेगाहर्ट्झच्या आसपास पाठवायचं तर तरंगलांबी सुमारे ४० मीटर, म्हणजे पाव लांबीची तारही १० मीटर लागते. न्हाणीघरात दार लावून बसलेल्या सुनेने ती तार कुठे पसरायची? आखूड तारेने संदेश जातो, पण कमकुवत. दुसरी अडचण वेळेची. सांकेतिक मजकूर पाच-पाच अक्षरांच्या गटांत पाठवतात. तीस गट, मिनिटाला दहा शब्दांचा वेग धरला तर तीन मिनिटं, आकडे असले तर जास्त. तेवढ्यात दोन ठिकाणच्या दिशाशोधक केंद्रांनी कोन घेतले की रेषा कुठे छेदतात ते नकाशावर कळतं, तिसरं केंद्र असेल तर अंदाज आणखी पक्का होतो. त्यामुळे खरा हेर रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून पाठवत नाही. शिवाय जवळच्या रेडिओवर खटखट ऐकू येते, आणि सैनिकी घरात रेडिओ सतत चालू असणार. अब्दुलला संशय यायला एवढं पुरेसं होतं, सिनेमाने ते वापरलं नाही याची हळहळ वाटते.

सहमत मेहबूबला मारते त्या विषारी टोकाच्या छत्रीचं म्हणाल, तर ती कल्पना ओळखीची वाटते १९७८ मुळे. बल्गेरियन लेखक जॉर्जी मार्कोव्ह यांना लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ मांडीत रिसिन या विषाची बारीक गोळी मारली गेली, छत्रीतून असं मानलं जातं. घटना ७ सप्टेंबरची, मृत्यू ११ सप्टेंबरचा. म्हणजे सिनेमातल्या प्रसंगानंतर सात वर्षांनी. आणि रिसिनला माणूस मारायला दिवस लागतात, तासांत काम होत नाही.

आता क्रम. ‘राझी’नंतर लगेच ‘पाताल लोक’चा पहिला सीझन (२०२०) घ्या. नऊ भाग आहेत, जयदीपचा हाथीराम चौधरी हा खालिद मीरचा पूर्ण उलट माणूस: थकलेला, वरिष्ठांनी झटकलेला इन्स्पेक्टर. संस्था सोडून बारा वर्षांनी पहिल्यांदा तो मध्यभागी आला. मग ‘थ्री ऑफ अस’ (२०२३): वेंगुर्ला, शेफाली शाह, आणि बँकेत काम करणारा, फावल्या वेळात कविता करणारा प्रदीप कामत. दिग्दर्शक अविनाश अरुण, ‘किल्ला’वाला, तोही एफटीआयआयचाच, आणि ‘पाताल लोक’च्या दिग्दर्शनातही तो होता. हेरगिरीचीच तहान असेल तर ‘द फॅमिली मॅन’चा तिसरा सीझन, जयदीप तिथे समोरच्या बाजूला आहे. आलिया आणि विजय वर्मा एकत्र पाहायचे तर ‘डार्लिंग्ज’ (२०२२). ‘ओमर्ता’ हा जयदीपच्याच तुकडीतल्या राजकुमार रावचा सिनेमा ‘राझी’च्या बरोबर एक आठवडा आधी, ४ मे २०१८ ला लागला होता. कोणी पाहिला नाही, पण पाकिस्तानी वंशाच्या पात्राला माणूस न करता थंड ठेवलं की काय होतं ते तिथे दिसतं. आणि ‘पाताल लोक’ हॉलमधल्या टीव्हीवर घरातल्या मोठ्यांसमोर लावू नका, पहिल्याच भागातल्या शिव्यांना रिमोट शोधेपर्यंत वेळ मिळत नाही.