फुगडीला दोन्ही हात लागतात

गौरी-गणपती जवळ आले की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. शब्द वेगळे असतात, गाऱ्हाणं तेच: "शूट केलं नाही तर पुढे काही उरणार नाही, आणि शूट करत बसले तर मी तिथे असून नसल्यासारखी." हेच घेऊन आलेल्या एका बाईची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 38. नोकरी पुण्यात, माहेर कागलकडचं. दरवर्षी गौरीपूजनाला ती माहेरी जाते. रात्री सोप्यात गौरीसमोर गल्लीतल्या बायका जमतात. झिम्मा होतो, पिंगा होतो, कुणी सूप नाचवतं आणि फुगड्या तर मध्यरात्र उलटली तरी चालू असतात. आई सत्तरीला टेकलेली, तरी फेर धरते. ही मात्र खांबाला पाठ लावून मोबाईल धरून उभी. त्या वर्षी आईने हात पुढे केला, तेव्हा हिची नऊ वर्षांची लेक सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, तिला नको बोलावू. ती कॅमेरावाली आहे." बायका हसल्या. हीसुद्धा हसली, आणि परतताना एसटीत कराड येईपर्यंत रडत होती.

"मॅडम, मला मोबाईलचं व्यसन आहे का?"

इथे माझी चूक सांगायला हवी. मी पहिल्याच भेटीत म्हणून बसले, "या वर्षी फोन पुण्यातच ठेवून जा की." ती मान डोलावून गेली आणि तीन आठवडे फिरकली नाही. सल्ला घाईने दिला की तो समोरच्याला लागत नाही, हे इतक्या वर्षांनंतरही मी अधूनमधून विसरते.

परत आली तेव्हा तिने फोन टेबलावर ठेवला आणि नऊ सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज लावला. "पोचलीस काय गं? पोचल्यावर फोन कर." वडिलांचा आवाज. ते 2021 मध्ये गेले. लग्नातले फोटो आहेत, पण आवाज एवढाच. त्यानंतर तिने आईचं सगळं शूट करायला सुरुवात केली: भाकरी थापताना, देवपूजा करताना, फुगडी घालताना. चारशेच्या वर क्लिपा होत्या.

"यातल्या परत किती पाहिल्यात?"

"एकही नाही. भीती वाटते."

व्यसनाचा प्रश्न तिथेच मागे पडला. ही बाई आईच्या जाण्याची तयारी करत होती, आई समोर नाचत असताना.

मग मी विचारलं, मागच्या गौरीत आईने नेसलेली साडी कोणती? लगेच उत्तर: पोपटी, जांभळ्या काठांची. आणि आईने उखाणा काय घेतला? ती गप्प. सगळ्या बायका खो-खो हसल्या होत्या एवढंच आठवत होतं. मला नवल वाटलं नाही. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2014 मध्ये छापलेला एक प्रयोग फार गाजला: संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. लोक एवढंच सांगून मोबाईलवर दोष ढकलतात. पण त्याच प्रयोगात वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन फोटो काढणाऱ्यांची आठवण कमी झाली नव्हती. आणि 2017 च्या एका अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं, ऐकलेलं मात्र कमी. माझ्या समोरच्या बाईचं अगदी तेच झालं होतं. जिला आवाज हवा होता, तिच्या हाती साडीचा रंग लागला.

आणखी एक गोष्ट होती, ती उशिरा बाहेर आली. बाळंतपणानंतर अंग सुटलं, तेव्हापासून तिने फुगडी घातलीच नव्हती. पडले तर? साडी सुटली तर? मोबाईल हातात असला की कुणी ओढत नाही. खांबाजवळ उभं राहायला एक कारण मिळतं. हे सांगताना ती पहिल्यांदा मोकळी हसली.

मी तिला विचारलं, फुगडीत आईचे हात कसे लागतात? सांगता येईना. फुगडीला पावलं जुळवायची, हातांची कात्री करून घट्ट धरायचं आणि अंग मागे टाकायचं. आपण जेवढं मागे जाऊ, तेवढा समोरचीच्या हातावर भरवसा. तो भार चारशे क्लिपांपैकी एकीतही नव्हता.

ठरवलं ते अगदी साधं. पहिला झिम्मा तिने शूट करायचा, आईच्या तोंडाजवळ जाऊन, आवाज नीट येईल असा. मग फोन लेकीकडे द्यायचा आणि तिने काय टिपलं यावर एक शब्द बोलायचा नाही. तोवर गच्चीवर लेकीबरोबर सराव. पहिल्या दिवशी दोघी पाण्याच्या टाकीवर आपटल्या म्हणे.

अनंत चतुर्दशीनंतर ती आली. मनगटावर बांगडी फुटल्याचा ओरखडा होता. लेकीने काढलेली क्लिप तिने मला दाखवली. त्यात एकाचंही डोकं नाही. चार पावलं, गरगरणारे दोन पदर, कुणाचा तरी सुटलेला निऱ्यांचा घोळ. आणि आईचा आवाज: "मागं रेल की गं, मी धरलंय!" तिसऱ्या फेरीत आईचा गुडघा बोलला आणि दोघी हसत खाली बसल्या. पुढची फुगडी लेकीला घालायची होती, म्हणून तिने चालू मोबाईल तसाच करंज्यांच्या ताटात पालथा ठेवला. तिथून पुढे चार मिनिटं नुसता काळोख आहे, आणि त्यात आई उखाणा घेते.