हँडिकॅप २२ असताना बेथपेज ब्लॅक हा गोल्फ कोर्स पहिल्यांदा खेळायला जातोय. काय तयारी करू?

तुमचा प्रश्न वाचताना वाटलं, हा मीच तर विचारलेला नाही ना! पुण्यात ड्रायव्हिंग रेंजवर शिकलेला गोल्फ, आता न्यू जर्सीत नोकरी, हँडिकॅप २२ (म्हणजे सर्वसाधारण कोर्सवर पारपेक्षा, ठरलेल्या शॉटसंख्येपेक्षा, साधारण २२ शॉट जास्त), आणि ऑफिसातल्या तिघांनी शनिवारची सकाळची वेळ मिळवून परस्पर तुमचं नाव घातलेलं. जाऊ की नको, आणि गेलोच तर लाज कशी वाचवू, असं तुम्ही विचारलंय.

जा. लाज वाचणार नाही, पण ती फक्त पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला शॉट मारायच्या जागेवर, जाते. तिथे मागे रांगेत उभे असलेले लोक बघत असतात. एकदा रस्ता ओलांडून दुसऱ्या होलकडे गेलात की तुमच्याकडे बघायला कुणालाही वेळ नसतो, जो तो आपापल्या गवतात बॉल शोधत असतो.

तुमच्या मित्रांनी सांगितलं नसेल म्हणून थोडी ओळख. हे लाँग आयलंडवरच्या फार्मिंगडेलमधलं सरकारी मैदान आहे, न्यूयॉर्क राज्याच्या स्टेट पार्कात. तिथे पाच कोर्स आहेत: ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. तिशीच्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम द्यायच्या योजनेतून हे उभं राहिलं आणि ब्लॅक १९३६ साली खुला झाला. आराखड्याचं श्रेय ए. डब्ल्यू. टिलिंगहास्टला दिलं जातं. २००२ आणि २००९ ची यूएस ओपन, २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५ चा रायडर कप या मोठ्या स्पर्धा इथेच झाल्या. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की क्लबाची मेंबरशिप, पांढरी पँट आणि कुणाची तरी ओळख. इथे ज्या ग्रीनवर (होलच्या शेवटी भोकाभोवतालच्या बारीक कापलेल्या गवतावर) टायगर वुड्सने पट, म्हणजे भोकाकडचे हलके फटके, मारले तिथे तुम्ही तिकीट काढून जाता. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना ते बरंच स्वस्त पडतं. आपल्याला, म्हणजे जर्सीवाल्यांना, जास्त पैसे पडतात. तरी परवडतं.

पहिल्या टीजवळ ती प्रसिद्ध पाटी आहे: सावधान, हा कोर्स अत्यंत अवघड आहे आणि फक्त अतिशय कुशल खेळाडूंनीच तो खेळावा अशी आमची शिफारस आहे. लोक तिच्यासोबत फोटो काढतात, हसतात, आणि सरळ मागच्या, म्हणजे सर्वांत लांबून खेळायच्या, टीकडे चालू लागतात. हे हात दाखवून अवलक्षण. मागच्या टीवरून हा कोर्स ७४०० यार्डांच्या वर जातो. तुमचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, दोनशेच्या आसपास जात असेल तर निम्म्या पार-४ होल्सवर तुम्हाला दोन शॉटमध्ये ग्रीन गाठता येणार नाही. मित्र काय म्हणतील याची पर्वा न करता पुढच्या टीवरून खेळा.

आता आकडेमोड, कारण मला स्वतःला तिनेच वाचवलं. हँडिकॅप २२ म्हणजे इथेही पारपेक्षा २२ जास्त, असं नसतं. तुमच्या टीचा स्लोप, म्हणजे साध्या खेळाडूला तिथून कोर्स किती अवघड जातो याचा आकडा, स्कोअरकार्डावर छापलेला असतो. तो समजा १४० आहे. सर्वसाधारण कोर्सचा स्लोप ११३ धरतात. २२ गुणिले १४० भागिले ११३, म्हणजे २७. त्यात कोर्स रेटिंग (कुशल खेळाडूला तिथे साधारण लागणारे शॉट) आणि पार यांतला फरक मिळवा, तो दोन-तीन निघेल. म्हणजे तुम्हाला इथे तीसच्या आसपास शॉट मिळतात. पार ७१. तेव्हा १०१ हा तुमच्यासाठी उत्तम दिवस, आणि ११० म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. मी हे घरून कागदावर लिहून नेलं होतं: प्रत्येक होलचा पार एकाने वाढवून, आणि बारा अवघड होल्सचा दोनने. तोच कागद खिशात ठेवून खेळायचं ठरवलं होतं. पहिल्याच टीवर विसरलो, ही गोष्ट वेगळी.

मी गेलो २०१९ च्या उन्हाळ्यात, पीजीए होऊन गेल्यावर. फोनवरून वेळ मिळाली नव्हती, म्हणून आदल्या रात्री पार्किंगमध्ये गाडी लावून झोपलो. तेव्हा त्यासाठी नंबर घातलेल्या जागाच होत्या. बायकोने डब्यात थेपले दिले होते (ती मूळची बडोद्याची), ते शेजारच्या गाडीतल्या निवृत्त अग्निशमन जवानाने चार खाल्ले. सकाळी आम्ही एकाच चौकडीत आलो. पहिला शॉट मी टॉप केला, म्हणजे क्लब बॉलच्या वरच्या बाजूला लागला, आणि बॉल चाळीस यार्ड घरंगळला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

चौथा होल आला. फोटोत बघितला असेल तुम्ही: पार ५, आणि दुसऱ्या शॉटच्या वाटेवर तिरका पसरलेला प्रचंड बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. टीवरून तो दिसतो तेव्हा खरंच वाटतं की कुणीतरी टेकडी चमच्याने खरवडली आहे. आणि मनात एकच विचार येतो: हा पार केला पाहिजे. करू नका. माझा ड्रायव्हर अगदी सुंदर लागला होता, तिथेच घात झाला. फेअरवे वूड हा लांब मारायचा क्लब काढला, बॉल बंकरच्या वरच्या ओठाखाली रुतला आणि तिथून बाहेर यायला मला चार शॉट लागले. त्याऐवजी दुसरा शॉट ८ आयर्नने (कमी अंतराच्या क्लबने) बंकरच्या अलीकडे ठेवला असता, तर तिसरा आरामात वरच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) गेला असता.

पण खरा धडा दहाव्या होलवर मिळाला. लांब पार ४, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं गवत. २००२ च्या ओपनमध्ये पावसात इथे काही प्रो खेळाडूंचे चांगले ड्राइव्हसुद्धा फेअरवेपर्यंत पोचले नव्हते. मला हे माहीत होतं, तरी बॉल रफमध्ये, म्हणजे त्या उंच गवतात, गेल्यावर मी हायब्रिड हा लांब मारायचा क्लब काढला, कारण ग्रीन अजून दोनशे यार्ड दूर होतं. बॉल दोन हात सरकला. पुन्हा हायब्रिड. पुन्हा दोन हात. तिसऱ्या वेळी तो जवान शांतपणे म्हणाला, "ग्रीनकडे बघू नकोस. फेअरवेकडे बघ. तो इथेच आहे, पंधरा यार्डांवर." मी सँड वेज (बॉल उंच उचलणारा, कमी अंतराचा क्लब) घेतला आणि आडवा मारून बाहेर आलो. त्या होलवर नऊ झाले. पुढच्या आठ होल्सवर रफमधून मी वेजशिवाय काही हातात धरलं नाही, आणि तिथून पुढे एकही आकडा सातच्या वर गेला नाही.

ब्लॅकचं सगळं रहस्य माझ्या मते एवढंच आहे. वाईट शॉटची शिक्षा इथे एकच असते, पण त्यानंतरच्या हावरट शॉटची शिक्षा तीन-चार. त्याच वर्षीच्या पीजीएत ब्रूक्स केप्काने शेवटच्या दिवशी ११ ते १४ अशा सलग चार होल्सवर बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त) केल्या आणि सात शॉटची आघाडी जवळजवळ घालवली. जिंकला तो, दोन शॉटने. पण त्याची ही गत, तर आपण शनिवारी सकाळी कोण?

उलट एक चांगली बातमी, जी कुणी सांगत नाही: ग्रीन त्या मानाने सपाट आहेत. एक-दोन सोडले, त्यात पंधरावा, तर पटिंगमध्ये फारसे हाल होत नाहीत. अडचण वर पोचण्याची आहे. बरीच ग्रीन उंचावर आणि समोर बंकर, त्यामुळे बॉल खालून घरंगळत नेता येत नाही, उंचावरून उतरवावा लागतो. म्हणून उरलेल्या दिवसांत रेंजवर ड्रायव्हर कमी मारा. बंकरमधून बाहेर येणं आणि ६०-७० यार्डांचा उंच वेज, या दोनच गोष्टी करा. पाण्याची काळजी आठव्या होलवर तेवढी. खाली उतरणारा पार ३ आहे, समोर तळं. जुना बॉल काढा.

शेवटी पाय. इथे गोल्फ कार्ट मिळत नाही, ब्लॅकवर सगळ्यांनी चालायचं. दहा किलोमीटर तरी होतात, चढउतार धरून, आणि साडेपाच तास. रस्ता परत ओलांडून पंधराव्यावर आलात की समोर पर्वती उभी राहते. चौदा होल चालून झाल्यावर ती चढायची असते, तीही कोर्समधल्या सर्वांत अवघड होलवर. बॅगेतून चार क्लब घरी काढून ठेवा, एक छत्री आणि ती मोठी टॉवेलांची चळत पण. बॉल मात्र डझनभर न्या. माझे नऊ गेले. हरवलेला बॉल तीन मिनिटांच्या वर शोधू नका, नियमही तोच आहे आणि मागचे लोकही खोळंबलेले असतात. दुहेरी मोजे, केळी, मीठ-साखर घातलेलं पाणी.

माझे ११८ झाले. अठराव्यावर खाली ड्राइव्ह मारायचा आणि परत क्लबहाउसकडे चढत यायचं असतं. तिथे मी बोगी केली आणि तो जवान माझ्यापेक्षा जास्त ओरडला. थेपल्यांची कृती त्याने पार्किंगमध्ये लिहून घेतली. शनिवारी किती झाले ते इथेच खाली लिहा.