वाचकांचे प्रश्न : कारखान्यातले धोके ओळखताना

प्रश्न : धोके ओळखून जोखीम ठरवण्याची शीट, म्हणजे 'हिरा', आम्ही दरवर्षी भरतो. गांभीर्य आणि शक्यता यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतो आणि तो ६ किंवा जास्त आला तरच उपाय लिहितो. ऑडिटमध्ये यावर कधी हरकत आली नाही. पद्धत बरोबर आहे का?
– पर्यवेक्षक, तळोजा

उत्तर : नाही. तुमच्याच पद्धतीने दोन कामं मोजून पाहा. टाकीत उतरून साफसफाई करताना माणूस दगावू शकतो, म्हणून गांभीर्य ५. काम वर्षातून एकदाच, म्हणून शक्यता १. गुणाकार ५, उपाय शून्य. पत्र्याच्या धारेने बोट कापणं : गांभीर्य २, शक्यता ३, गुणाकार ६, लगेच हातमोजे मंजूर. म्हणजे तुमची शीट मृत्यूला कापलेल्या बोटाच्या खाली बसवते. गांभीर्य ४ किंवा ५ असेल तिथे गुणाकाराकडे न बघता उपाय लिहायचा, एवढा एक नियम आजच घाला.

'वर्षातून एकदा' ही कामाची वारंवारता झाली, शक्यता नव्हे. माणूस उतरतो त्या दिवशी त्याला वायू लागण्याची शक्यता किती, हा खरा प्रश्न. हवा न तपासलेल्या टाकीत ती १ कधीच नसते.

धोक्याच्या रकान्यात 'हेल्मेट न घालणे' असं लिहिलेलं असेल तर तेही खोडा. धोका म्हणजे वरून पडणारा पाना, उघडा शाफ्ट, ॲसिडची लाईन. हेल्मेट न घालणं हाच धोका ठरवला की उपाय आपोआप 'हेल्मेट घालणे' एवढाच उरतो आणि पाना वरून पडू नये यासाठी कोणी काही करत नाही. शीट ऑफिसात बसून भरू नका. फिटर आणि कंत्राटी कामगार यांना घेऊन मशीनपाशी उभे राहा आणि रोजच्या उत्पादनाआधी जॅम काढणं, डाय (साचा) बदलणं, लाईट गेल्यावर मशीन पुन्हा चालू करणं ही कामं लिहा.

प्रश्न : आमच्या प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या) ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, सांडपाणी एकत्र मिसळणारी इक्वलायझेशन टाकी आहे : ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर खोल. तिचा गाळ कंत्राटदाराची माणसं काढतात. आदल्या रात्री झाकणं उघडी ठेवतो आणि उतरण्याआधी कंदील सोडून पाहतो. एवढं पुरे का?
– ईटीपी ऑपरेटर, इचलकरंजी

उत्तर : कंदील ताबडतोब बंद करा. ऑक्सिजन बराच कमी झाल्यावर तो विझेल, पण हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे की नाही हे तो सांगत नाही, आणि मिथेन साठला असेल तर तोच भडका उडवेल.

तुमच्याकडे सल्फर डाय वापरत असाल तर धोका दुप्पट. त्या रंगांबरोबर सोडियम सल्फाइड सांडपाण्यात येतं. त्यात ॲसिड गेलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. शिवाय गाळ कुजून तयार झालेला वायू गाळातच अडकलेला असतो आणि फावडं घातलं की बाहेर पडतो. म्हणून सकाळी रीडिंग चांगलं आलं आणि अर्ध्या तासाने माणूस कोसळला, असं होऊ शकतं. वासावर भरवसा नको : सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाक बधिर होतं, आणि १,००० पीपीएमच्या आसपास एक-दोन श्वासांत शुद्ध जाते.

क्रम असा ठेवा. आधी टाकीत येणाऱ्या सगळ्या लाईन तोडा : पंपाला कुलूप आणि टॅग लावा, पाइपात ब्लाइंड, म्हणजे मार्ग पूर्ण बंद करणारी चकती, टाका. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, तो गळतो. ॲसिड डोसिंगही विसरू नका. मग ब्लोअर लावा. टाकी ३६ घनमीटरची. साडेसात पट हवा घालायची म्हणजे २७० घनमीटर. तासाला १,००० घनमीटरच्या ब्लोअरला हिशेबाने १६ मिनिटं लागतात, पण डक्टच्या वळणांत हवा घटते, म्हणून निदान अर्धा तास द्या आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालू ठेवा. डक्टचं तोंड तळाशी हवं. ब्लोअरची ओढ जनरेटरच्या धुराकडे नको. सिलिंडरमधला ऑक्सिजन कधीही सोडू नका, त्याने आग भडकते.

चार वायूंच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजा, कारण मिथेन वर राहतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. पहिलं रीडिंग ऑक्सिजनचं : १९.५ ते २३.५ टक्के. ऑक्सिजन फार कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर चुकीचं, कमी रीडिंग दाखवतो. ज्वलनशील वायू त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांपेक्षा आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमपेक्षा कमी हवा. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू राहू द्या. आतला दिवा २४ व्होल्टपर्यंतचाच.

उतरणाऱ्याला फुल बॉडी हार्नेस, वर ट्रायपॉड आणि विंच, आणि विंचपाशी एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. तो आत उतरणार नाही, हे टाकीत उतरण्याच्या परवान्यावर त्याच्या सहीने लिहून घ्या. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने १९८६ साली नोंदवलं होतं की अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. कापडी मास्क किंवा कार्ट्रिज मास्क ऑक्सिजन देत नाही. आत जावंच लागलं तर हवेचा सिलिंडर पाठीवर असलेल्या आणि सराव झालेल्या माणसानेच.

यापेक्षा बरा उपाय : गाळ बाहेरून सक्शन टँकरने ओढता येतो का, ते आधी पाहा. माणूस उतरलाच नाही तर बाकीची यादी लागत नाही.

प्रश्न : ५० टनी जुन्या की-क्लच प्रेसवर लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवावा का?
– प्रेस शॉपचे मालक, भोसरी

उत्तर : नको, पैसे वाया जातील. अशा प्रेसमध्ये की, म्हणजे फ्लायव्हील (फिरतं जड चाक) शाफ्टला जोडणारी खुंटी, एकदा गुंतली की रॅम (वरून खाली येणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच थांबतो. किरण तुटला तरी मधे थांबवायला काही नाही. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांचंही तेच. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकचा आणि की एकाच जागी गुंतणारी असेल, तर बटण दाबल्यापासून डाय बंद होईपर्यंत दीड सेकंद लागू शकतो. हात सेकंदाला १.६ मीटरने सरकतो असं धरतात. म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटरवर हवीत.

अशा प्रेसला डायभोवती बोल्टने बसवलेला फिक्स गार्ड लावा. पट्टी आत घालायची फट ६ मिमीपर्यंत असेल तर ती डायपासून किमान १० मिमीवर चालते, पण ८ ते १० मिमीची असेल तर ८० मिमीवर न्यावी लागते. सुटे ब्लँक घालायचे असतील तर सरकता ट्रे करा, बोटं गार्डच्या बाहेर राहिली पाहिजेत. दर शिफ्टला कीची स्प्रिंग आणि ब्रेकचं लायनिंग पाहा. स्प्रिंग मोडली किंवा ब्रेक झिजला की प्रेस एका पेडलवर दोनदा खाली येतो. एकदा जरी तसं झालं तरी मेन स्विचला कुलूप लावून फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावरच प्रेस उघडा. मोटर बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरत असतं.

लाईट कर्टन न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच (हवेच्या दाबावर चालणारा, रॅम मधेच थांबवू शकणारा) असलेल्या प्रेसला घ्या, आणि विक्रेत्याकडून तुमच्याच प्रेसवर थांबण्याचा वेळ मोजून मागा. कॅटलॉगमधला आकडा तुमच्या झिजलेल्या ब्रेकला लागू होत नाही.