खाजणातले खेकडे मोजून पोट भरेल का?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगी बारावी सायन्सला, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन. तिने डॉक्टर व्हावं अशी घरच्यांची इच्छा, पण तिला 'नीट'ची परीक्षा द्यायची नाही. खाडीकिनारे आणि कांदळवनं पुन्हा उभी करण्यात प्राण्यांचा वाटा काय, यावर काम करायचंय म्हणते. झाडं लावायला वनखातं आहे. खेकडे-कालवं शिकून नोकरी कोण देणार? – एक वडील

उत्तर :
तुमची काळजी रास्त आहे. पण आधी मुलीच्या म्हणण्यात किती तथ्य आहे ते बघू, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

एकदा ओहोटीला तिच्याबरोबर खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या चिखलाच्या दलदलीत, उतरा. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले इवले खेकडे दिसतील, ते नर. चिखलातलं खाणं वेचून उरलेल्या मातीच्या बारीक गोळ्या ते बिळाभोवती टाकत असतात. त्या बिळांतून हवा आणि भरतीचं पाणी खाली मुळांपर्यंत पोचतं. एरवी हा चिखल इतका घट्ट असतो की मुळं गुदमरतात. खेकडे तो अखंड नांगरत राहतात. दुसऱ्या जातीचे खेकडे तिवराची (हे कांदळवनातलंच झाड) गळलेली पानं बिळात ओढून नेतात, म्हणून पानांतला कस ओहोटीबरोबर वाहून न जाता तिथेच मुरतो. आणि गंमत अशी की असेच काही खेकडे नव्याने लावलेल्या कांदळाच्या शेंगा फस्तही करतात. मग रोप कुठे लावायचं, केवढं झाल्यावर लावायचं, हे खेकड्याची जात ओळखणाऱ्यालाच कळणार. नाहीतर हजारो रोपं लावल्याचा आकडा कागदावर राहतो आणि किनारा उघडाच.

कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत तर उलटं झालं. फरसाठी बेसुमार शिकार झाल्याने तिथली समुद्री पाणमांजरं नाहीशी झाली होती. खेकडे माजले, दलदलीतल्या झाडोऱ्याची मुळं खाऊ लागले, काठ ढासळू लागले. पाणमांजरं परतली, त्यांनी खेकडे खाल्ले आणि धूप मंदावली. हे संशोधन २०२४ साली 'नेचर'मध्ये आलं. तिथे खेकडे जास्त झाले म्हणून नुकसान. आपल्याकडे खेकडे नसले तर नुकसान. पाणमांजरं सिंधुदुर्गातही आहेत, वेगळ्या जातीची, पण आपल्या खाडीचं उत्तर आयतं तिथून येणार नाही. ते इथेच, चिखलात उभं राहून शोधावं लागेल. तुमची मुलगी नेमकं तेच म्हणतेय, आणि मला तिचं म्हणणं मनापासून पटतं.

आता मार्ग. माझी पहिली पसंती रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाला. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बी.एफ.एस्सी. हा मत्स्यविज्ञानाचा ४ वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर. यात समुद्राचा अभ्यासही होतो आणि मत्स्यव्यवसाय विभागासारख्या सरकारी नोकरीची दारंही उघडी राहतात. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. करता येतं. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं तर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पदव्युत्तर शिक्षण हा दुसरा रस्ता. तो लांबचा आहे आणि संशोधनाची ओढ असेल तरच घ्यावा. प्राणिशास्त्राच्या पदवीवर एमपीएससीची वनसेवा परीक्षाही देता येते.

राज्याच्या वनखात्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. त्याच्या कांदळवन प्रतिष्ठानातर्फे संशोधन चालतं आणि किनाऱ्यावरच्या गावांत खेकडापालन, कालवंपालनाचे प्रकल्पही. पण स्पष्ट सांगते, अशा ठिकाणची बरीचशी पदं प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. सुरुवातीची काही वर्षं पगार बेताचा आणि घरापासून लांब राहण्याची तयारी हवी. डॉक्टरकीशी तुलना करून तिला रोज टोचणार असाल, तर ती वर्षं तिला फार जड जातील.

तिला एवढं सांगा : निसर्गाची आवड पुरत नाही, संख्याशास्त्र पक्कं हवं. पोहायला येत नसेल तर शिकावं. आणि आत्तापासून दर अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला, खाजणात एकाच ठिकाणी, एक मीटरचा चौकोन आखून त्यातली बिळं मोजावीत. तारीख, वेळ, चिखल कसा होता ते वहीत लिहावं. कालवं काढणाऱ्या बायकांना विचारून जागा निवडावी, त्यांच्याइतकी ती खाडी कुणाला ठाऊक नाही. एकटीने मात्र जाऊ नये, भरती कधी वळते ते कळत नाही.

नीटचा आग्रह सोडा, सीईटीचा सोडू नका. अर्जात पीसीबी ग्रुप बरोबर भरलाय ना, ते शेजारी बसून स्वतः बघा.